पहिल्या ताक्याचा कोट

कामतघर, भिवंडी
१२ फेब्रुवारी २०२४

तीर्थस्वरूप हबीबा फुफूस,
अफनानचा सलाम आणि सा. न. वि. वि.

दोन्ही लिहिलं, आता मार्क कापू नकोस. निवृत्त झालीस तरी तुझ्यातली मराठी शाळेची बाई काही निवृत्त होत नाही. कौसर सांगत होती की तिने मोबाइलवर माझा मेसेज दाखवला, तर तू आपल्या लेकीलाच विचारलंस की पोराला कागद महाग झाला काय. फोनवर तर तुला ऐकू येत नाही. तेव्हा घे, हा कागद.

बातमी चांगली आहे. आपल्या शेडमधले निम्मे लूम दिवाळीपासून बंद आहेत हे तुला माहीतच आहे. भंगारवाला येऊन दारातून डोकावून जातो आणि अब्बा त्याच्याकडे असं बघतात की तो चहासुद्धा मागत नाही. पण आता एक ऑर्डर दिसते आहे. पडघ्याच्या पुढे हायवेला एका कंपनीची मोठमोठी गोदामं आहेत. बाहेरगावचे बडे लोक ती बघायला येतात, म्हणून गेटवरच्या माणसांपासून सुपरवायझरपर्यंत सगळ्यांना कोट शिवायचे आहेत. त्या कोटांचं कापड आपण विणायचं. हे जमलं तर सगळे लूम पुन्हा चालतील. नाही जमलं तर भंगारवाला दारात थांबणार नाही, आत येईल.

आणि ही खबर आणली कोणी, माहीत आहे? आपल्या शेडमध्ये लूम चालवणाऱ्या जान्याने! लूम बंद पडले तेव्हा मीच त्याला त्या गोदामाच्या गेटवर कामाला लावला होता. तो ड्युटी संपवून थेट शेडवर आला आणि अब्बांना म्हणाला की सेठ, त्यांना कोट हवं हाय, तुम्ही इनाल काय? अब्बांनी त्याला मिठीच मारली.

पाच मार्चला मीटिंग आहे. खरेदी बघणाऱ्या रुचिका मॅडम आहेत, त्यांना कापड अंगावर शिवलेलं बघायचंय. मी नेटवर वाचून काढलं की उन्हाळ्यात मीटिंगला कसं जावं. हलका रंग, सुती नाहीतर लिननचं कापड, अस्तर नको, कोट हातावर टाकून जायचं आणि दारात पोचल्यावर घालायचा. अब्बांना वाचून दाखवलं, तर ते म्हणाले की पॉलिस्टर विकायला लिनन घालून जाऊ काय? बरोबरच आहे. म्हणून आपल्याच नव्या कापडाचा लूमवरून उतरलेला जो पहिला ताका, त्यातून अब्बांचा कोट शिवायला टाकलाय. तीन बत्तीच्या टेलरने माप घेताना अब्बांनी पोट आत ओढून श्वास असा धरला की टेलरच घाबरला आणि म्हणाला, चाचा, सांस तो लो.

कापडाचा तुकडा सोबत पाठवतोय. गडद निळा आहे. कसा वाटतो ते लिही. आंब्याला मोहर किती आलाय तेही कळव, आणि माझ्यावरचा जीव होता तेवढाच राहू दे.

तुझा,
अफनान


७८६
म्हसळा
२१ फेब्रुवारी २०२४

चि. अफनान यास,
फुफूचे अनेक उत्तम आशीर्वाद आणि तेवढ्याच दुवा.

पत्र पोचलं. तुकडा बघितला, रंग झकास आहे. मग त्यातला एक धागा ओढला आणि चुलीच्या विस्तवावर धरला. लूमवाल्याच्या घरची मुलगी आहे मी. कापूस असला तर त्याची राख होते, फुंकली की उडून जाते. तुझा धागा आक्रसला, वितळला आणि काळा टणक मणी होऊन माझ्या बोटाला चिकटला. अजून चट्टा आहे. यात कापूस नावालाही नाही रे बाबा. वरून कीर्तन, आतून तमाशा!

आमच्या बाबांचा, म्हणजे तुझ्या दादांचा, एक नियम होता. तू पाहिला नाहीस, तुझ्या अब्बाने, मुख्तारने पाहिलाय. नवीन कापड लूमवर चढलं की पहिल्या ताक्यातलं आधी आपल्या अंगाला शिवायचं. पहाटे फजरच्या नमाजापासून सूर्य बुडताना मगरिबपर्यंत ते घालून शेडमध्ये काम करायचं. अंगाला सोसलं तरच माल बाजारात न्यायचा. आपल्याला सोसत नाही ते दुसऱ्याच्या गळ्यात घालू नये, असं म्हणायचे. एकदा दुपारीच त्यांची पाठ भाजल्यासारखी लाल झाली, तर तो अख्खा माल त्यांनी गाद्यांच्या खोळींना देऊन टाकला. अम्मी कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलली नाही, पण त्यांनी ऐकलं नाही.

तेव्हा मुख्तारला सांग, मीटिंगच्या आधी तो कोट घालून पूर्ण दिवस शेडमध्ये राहा. शेडमध्ये पंखा लावत नाहीत, धागा तुटतो म्हणून. तिथे सोसला तर गेटवरच्या उन्हात थोडाफार सोसेल. हे तू टाळू नकोस. तू टाळणारा आहेस, लहानपणी पाढे टाळायचास तसा.

जान्याला माझा सलाम सांग. माझे कान गेले तेव्हा सगळे माझ्यासमोर ओरडायला लागले, मी विहिरीत पडल्यासारखे. एकटा जान्या ओरडला नाही. शेडच्या खडखडाटात कोणालाच काही ऐकू येत नाही, तिथे ओठ आणि हातच बोलतात. माझ्याशी तो तसाच बोलत राहिला. मूठ छातीजवळ धरून खाली ओढली की लूम बंद कर, बोट फिरवलं की धाग्याची कांडी आण. तुमच्या शेडमध्ये मी बहिरी नसते, आणि हे मला पहिल्यांदा जान्याने दाखवलं. त्याला आणि त्याच्या बायकोला, ठकीला, काही कमी पडू देऊ नका.

मोहर बरा आहे. पत्र लिहायला आळस करू नये, आणि म्हातारीला विसरू नये.

तुझी,
हबीबा फुफू


कामतघर
८ मार्च २०२४

तीर्थस्वरूप फुफूस,
सलाम. वि. वि.

फुफू, ऑर्डर मिळाली! शेडमध्ये पेढे वाटले. बंद लूमवरची प्लास्टिकं काढली, तेल घातलं, आणि काल इतक्या महिन्यांनी घरात एकमेकांचं बोलणं ऐकू येईनासं झालं. अम्मी रडली. भंगारवाल्याला अब्बांनी स्वतः बोलावून चहा पाजला.

आता तू विचारणारच, म्हणून सांगतो. अब्बांनी तुझं ऐकलं होतं. मीटिंगच्या आदल्या दिवशी फजर पढून कोट घातला आणि शेडमध्ये गेले. मी दहाच्या सुमारास बघितलं, तर खांद्यावर धाग्याची भुकटी, काखेत घामाचे डाग. दुसऱ्या दिवशी तोच कोट घालून मॅडमसमोर जायचं होतं. मी काढायला लावला. अब्बा म्हणत होते की मगरिबपर्यंत राहू दे, बाबांचा नियम आहे. मी म्हटलं की दादांच्या काळी ड्राय क्लीनिंगला द्यायची भानगड नव्हती. त्यांनी काढला. चेहरा लाल झाला होता, पण तो शेडमध्ये रोजच होतो.

पाच तारखेला मित्राची एसी गाडी घेतली. आत मीटिंगच्या खोलीत तर अशी थंडी की मला शिंक आली. अब्बा कोटात नवरदेवासारखे दिसत होते. रुचिका मॅडमनी त्यांच्या बाहीला हात लावून बघितला आणि विचारलं की उन्हाळ्यात हे गरम होईल का. अब्बांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग ते म्हणाले की थंड आहे, मॅडम. मॅडमनी लगेच होकार दिला.

येताना अब्बांनी हायवेलाच गाडी थांबवून कोट काढला आणि मागच्या सीटवर टाकला. घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मला वाटतं आनंदाने बोलायचं सुचलं नसेल.

रमजान आलाच. इफ्तारला तुझी आठवण निघेल. दुवेत आम्हाला धरून ठेव.

तुझा,
अफनान


७८६
म्हसळा
१९ मार्च २०२४

चि. अफनान यास,
आशीर्वाद आणि दुवा.

लूम सुरू झाले हे वाचून मी कौसरला दोनदा वाचून दाखवायला लावलं. मला ऐकू येत नाही तरी. अल्लाहने तुमच्याकडे बघितलं.

पण तुझ्या आनंदात मला मोकळेपणाने बसता येईना. तू लिहितोस की अब्बा आनंदाने बोलले नाहीत. मुख्तारला मी खेळवलंय. आनंद झाला की तो बडबडतो, शरम वाटली की गप्प बसतो. तू त्याला अर्धाच दिवस कोट घालू दिलास. मग थंड खोलीत बसवून त्याच्याकडून थंड म्हणवून घेतलंस. गेटवरच्या माणसाला तशी खोली मिळणार आहे का? अरे, कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? एप्रिल-मे काय भिवंडीला ठाऊक नाहीत?

अजून वेळ गेलेली नाही. त्या बाईला जाऊन सांग की यात कापूस घालू द्या, नाहीतर उन्हाळ्यापुरता गेटवर कोट नको. फार तर काय होईल? हो म्हणेल नाहीतर नाही म्हणेल. मुख्तार जाणार नाही, तो एकदा बोललेला शब्द परत घ्यायला लाजतो. तू जा.

रागावले असले तरी माझीच माया आहे, तिला पारखा होऊ नकोस.

हबीबा फुफू


कामतघर
१६ एप्रिल २०२४

तीर्थस्वरूप फुफूस,
सलाम, आणि ईद मुबारक, उशिराची.

तुझं पत्र आलं तेव्हा माल निघायला लागला होता. कापूस घातला तर भाव बदलतो, भाव बदलला तर ऑर्डर पुन्हा मीटिंगला जाते, आणि आपल्यासारखे विणणारे बाहेर रांगेत उभे आहेत. तरी मी मॅडमना विचारणार आहे. दुसऱ्या लॉटचं बोलायला मे महिन्यात जायचंय, तेव्हा विषय काढतो. नक्की.

जान्याचं तुला सांगायचं म्हणजे, त्याला कोट मिळाला! पहिल्या दिवशी ड्युटी संपल्यावर त्याने काढलाच नाही. पडघ्याहून तसाच त्यांच्या पाड्यावर चालत गेला. ठकीने आधी त्याला ओळखलं नाही, कोणी फॉरेस्टचा साहेब आला म्हणून आत पळाली. मग सगळा पाडा बघायला जमला. त्याचा धाकटा भाऊ बाबू, तो शेतीच करतो, त्याने हात धुऊन येऊन मग कोटाला हात लावला. जान्या हे सगळं शेडवर येऊन हातांनी करून दाखवत होता, आणि कारीगर लूम सोडून हसत होते.

मी त्याला विचारलं की गरम होतं का. तो म्हणाला की होतं, पन आपन लूममधलं मानूस, आपल्याला काय गरम लागतं? न्हाय लागत. आणि हसला. म्हणजे बघ, त्याची तक्रार नाही. हल्ली मीही आपल्याच कापडाचा कोट घालतो. गाडीत काही वाटत नाही.

आंबे पाठव. राग असेल तर आंब्यांबरोबर पाठव, म्हणजे गोड लागेल.

तुझा,
अफनान


७८६
कामतघर
१२ मे २०२४

हबीबा आपा,
मुख्तारचा सलाम.

अफनान लिहीत नाही. कागद घेऊन बसतो आणि उठतो. म्हणून मी लिहितो. माझं मराठी तुझ्यासारखं नाही, समजून घे.

आपला जान्या गेला. मागच्या शुक्रवारी.

त्या दिवशी कंपनीत बडे लोक येणार होते. गेटवरच्या माणसांना हुकूम होता की बटणं गळ्यापर्यंत लावा, सावलीत जाऊ नका, पाहुणे येईपर्यंत जागा सोडू नका. पाहुण्यांना उशीर झाला. अफनान दुसऱ्या लॉटचं बोलायला गाडीतून गेला. जान्याने गेट उघडलं, आणि अफनानकडे बघून मूठ छातीजवळ धरली आणि खाली ओढली. लूम बंद कर. अफनानला समजलं, आपा. आपल्या घरात कोणाला समजणार नाही? त्याने काचेच्या आतून हातानेच सांगितलं की थांब जरा, येतो. मॅडमकडे विषय काढायचाच होता, तेव्हा आधी मीटिंग उरकू, असं त्याला वाटलं. मीटिंग लांबली.

तो बाहेर आला तेव्हा जान्या खांबाला टेकून खाली बसला होता. अंग तव्यासारखं तापलेलं, आणि घामाचा थेंब नाही. ओठ हलत होते. लोक त्याच्या तोंडाशी कान नेत होते, पण आवाजच नव्हता. अफनानने ओठ वाचले. तो बटण म्हणत होता. बटण, बटण. अफनानने ती तोडून काढली. दवाखान्यात पोचायच्या आधी सगळं संपलं होतं. कंपनी म्हणते की त्याला आधीपासून काही आजार असेल.

मी पाड्यावर गेलो. दवाखान्यातून कोट पिशवीत घालून दिला होता. ठकीने तो काढला, झटकला, हाताने सरळ केला, तुटलेल्या बटणांच्या जागी दुसरी लावली, आणि त्याच्या अंगात घालायला दिला. त्यांच्यात माणसाला त्याच्या चांगल्यातल्या चांगल्या कपड्यात पाठवतात, आणि जान्याकडे याहून चांगला कपडा नव्हता. मी बाबूला बाजूला घेऊन हात जोडले. म्हटलं, कोट नको, मी पांढरं कापड आणतो, कापसाचं आणतो. त्याने वहिनीला सांगितलं. ठकी माझ्यासमोर आली आणि म्हणाली की सेठ, त्याला लय आवडायचा. न्हाय काढायची मी. साहेबावानी जाऊ दे त्याला.

तिला काय सांगू? तू चुलीवर एक धागा धरला होतास. तो कपडा आगीत काय करतो ते त्या सगळ्या माणसांत मला एकट्याला माहीत होतं. मी एवढंच म्हणालो की बटणं तरी उघडी ठेवा. तेवढं त्यांनी ऐकलं. चिता पेटली तेव्हा मी उभा राहिलो. लोक मागे सरले, मी नाही सरलो.

दुसऱ्या दिवशी फजर पढून मी माझा कोट घातला आणि शेडमध्ये गेलो. बाबांचा नियम, दोन महिने उशिरा. दुपारी शेडची भिंत हलायला लागली, ओठ सुकले, कोणाला हाक मारावी तर आवाज निघेना. मी मूठ धरून खाली ओढली. कारीगरांनी एकेक करत सगळे लूम बंद केले आणि मला बाहेर उचलून आणलं. ते लूम मी पुन्हा चालू केले नाहीत. कंपनीला कळवलं की हा माल आता होणार नाही, आणि गेटवरच्या माणसांच्या अंगातला कोट काढा.

त्या खोलीत मॅडमने विचारलं तेव्हा मी थंड म्हणालो. तिथे खरंच थंड होतं, आपा. हेच मला झोपू देत नाही.

पोराला तू रागावू नकोस. मी रागावलो नाही. तो रागावायची वाट बघतो आहे, पण माझ्याकडे तोंड कुठे आहे?

तुझा भाऊ,
मुख्तार


कामतघर
६ जून २०२४

तीर्थस्वरूप फुफूस,
सलाम.

तुझं पत्र मिळालं. तू रागावली नाहीस, फक्त म्हसळ्याला ये म्हणून लिहिलंस. तेवढंच वाचून मी पत्र घडी करून ठेवलं. यायला मला अजून जमत नाही.

शेड रिकामी झाली. भंगारवाला आला, अब्बा त्याच्याशी नीट बोलले, दारातून बाजूलाही झाले. आता घरात इतकी शांतता आहे की अम्मी रेडिओ लावून ठेवते.

कंपनीने अब्बांचं ऐकलं नाही. आठवड्याभरात दुसऱ्या कोणाकडून तेच कापड घेतलं. रंगसुद्धा तोच.

काल मी एसटीने पडघ्याला गेलो. ठकीला भेटायचं ठरवून निघालो होतो. गोदामाच्या अलीकडे गाडी थांबली, आणि गेटवर मला जान्या दिसला. तो बाबू होता. जान्याचा भाऊ, शेतीवाला. घर चालायला हवं, म्हणून त्याला भावाच्या जागेवर घेतलंय. दुपारचं ऊन, आणि अंगात निळा कोट.

मी उतरलो आणि हायवेच्या अलीकडेच उभा राहिलो. ओलांडून जाऊन त्याला तोंडाने सांगायला हवं होतं. पण त्याच्यासमोर उभं राहायची माझी हिंमत झाली नाही. मी इकडूनच मूठ छातीजवळ धरली आणि खाली ओढली. ट्रक मधून जात होते. त्याने माझ्याकडे बघितलं, म्हणून मी पुन्हा केलं, पुन्हा केलं. पण बाबू कधी शेडमध्ये आला नव्हता. त्याला हे कोणी शिकवलंच नाही. त्याला एवढंच कळलं की सेठचा मुलगा रस्त्यापलीकडून काहीतरी सांगतोय. तो ताठ उभा राहिला, गळ्याचं उघडं राहिलेलं वरचं बटण लावलं, आणि मला कडक सलाम ठोकला.

आज पुन्हा जाणार आहे. आज रस्ता ओलांडेन. माझ्यासाठी दुवा करू नकोस, बाबूसाठी कर.

अफनान